दुसरा सॅक्सोफोन

मेष्ट्रूंकडे शिकवणीला गेलं की पहिलं काम म्हणजे फोन बटणांच्या डब्यात टाकायचा. डबा जुना, बिस्किटांचा, पत्र्याचा. आत शर्टाची, ब्लाउजची, कोटाची शेकडो बटणं. त्यात फोन खोल खुपसायचा आणि वर झाकण लावायचं. आत तो थरथरायला लागला की मेष्ट्रु म्हणायचे, "बटणं बोलायला लागली. बोलू देत." माझ्या कंपनीच्या कितीतरी मीटिंगा त्या डब्यात बुडाल्या. त्यांच्यावाचून कुणाचंही काही अडलं नाही, हे ज्ञानही मला तिथंच झालं.

मेष्ट्रु म्हणजे मास्तर. शब्द कन्नड, पण गल्लीतली मराठी माणसंही त्यांना तेच म्हणत. ते स्वतः मराठी घरातले, शिंप्यांच्या घराण्यातले. घराणं बेंगळुरूच्या बसवनगुडीत कधी आलं ते त्यांना सांगता यायचं नाही. "आम्ही इथंच होतो, गाव मागून आलं," एवढंच म्हणायचे. पुढं दुकान, दुकानात दोन शिवणयंत्रं आणि कापड बेतायचं लांब टेबल, टेबलामागे पडदा, आणि पडद्यामागे सॅक्सोफोनची शाळा. दिवसभर शिवण आणि संध्याकाळी व रविवारी सकाळी शिकवणी, असा त्यांचा नेम. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मी त्यांच्याकडे सात वर्षं शिकले, आणि आज मला जे काही थोडंफार वाजवता येतं ते सगळं त्यांचं आहे.

मी सांगलीची. नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि महादेवपुऱ्यातल्या उंच इमारतींपैकी एकीत राहायला लागले. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या लग्नात पहिल्यांदा सॅक्सोफोन समोर बसून ऐकला. आपल्याकडे जिथं सनई, तिथं इकडे लग्नात आणि देवळात सॅक्सोफोन वाजतो. रेशमी धोतर नेसून, कपाळाला गंध लावून ते पितळेचं धूड मांडीवर घेतलेला माणूस बघून मी जेवणाच्या पंक्तीला जायला विसरले. चाळिशीला आलेल्या बाईनं सॅक्सोफोन शिकायचा म्हटल्यावर आमचे हे म्हणाले, "मी घोरतो तेवढं पुरत नाही का घराला?"

पहिल्या दिवशी मेष्ट्रूंनी नाव विचारलंच नाही. "कुठली?" म्हणाले. मी सांगली म्हटलं, आणि सात वर्षं मी सांगलीच राहिले. त्यांच्याकडे एक तुमकूर होता, एक हासन होता, दोन भाऊ होते त्यांना मोठा मंड्या आणि धाकटा मंड्या म्हणायचे. नाव विचारून झाल्यावर, म्हणजे न विचारून झाल्यावर, छातीचं माप. श्वास सोडून एक आणि श्वास भरून एक. माझं माप घ्यायला त्यांनी आतून काकूंना बोलावलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काकूंनी आकडे सांगितले, त्यांनी खडूनं ते भिंतीवर लिहिले. "स्वल्पच फुगतीस," म्हणाले. "दोन इंचाचा फरक पडल्याशिवाय रीडला तोंड लावायचं नाही." रीड म्हणजे वाद्याच्या तोंडाशी बसवलेली वेताची पातळ पट्टी. महिनाभर मी त्या पडद्यामागे बसून नुसता श्वास घेतला. पुढं दुकानात बायका ब्लाउजाचे गळे ठरवत असायच्या.

नव्या गोष्टीला त्यांचं पहिलं उत्तर "बेडा" असायचं, म्हणजे नको. नवी गाणी बेडा, प्लास्टिकची रीड बेडा, शिकवणीचा व्हिडिओ तर तीनदा बेडा. टाउन हॉलच्या पलीकडे ते जात नसत. तिकडे काय आहे विचारलं तर म्हणायचे, "ऊन आहे." घाई केली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "घाईचा टाका आणि घाईचा सूर, दोन्ही चारचौघांत उसवतात." शिवणकाम आणि वाजवणं ह्यांच्यात ते भेदच करत नसत. एखादी तान ओढून ताणून बसवली तर म्हणायचे, काखेत तंग झालं. लांबवली तर म्हणायचे, दुमड आत.

वाद्य तपासण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. जुना सॅक्सोफोन विकत घ्यायचा असला की शहरातून लोक आधी तो त्यांच्याकडे आणत. भर दुपारी ते दुकानाचं शटर खाली ओढायचे, आत अंधार करायचे, आणि बारीक वायरला बांधलेला एक छोटा दिवा वाद्याच्या तोंडातून आत सोडायचे. सगळ्या भोकांवरची झाकणं दाबून धरायची. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून हवा गळते. मग कुठल्या झाकणाखालची चामड्याची गादी बदलायची, कुठली लाख तापवून पुन्हा बसवायची, ते सांगायचे. बहुतेकांना शेवटी "बेडा" ऐकून परत जावं लागायचं. लोक चिडायचे, पण पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडेच यायचे.

शिकवायची पद्धतही जगावेगळी. आधी ते वाजवायचे आणि आपण ऐकायचं. मग ते आपलं वाद्य टेबलावर आडवं ठेवायचे, श्रुतिपेटीची कळ जराशी मागं फिरवायचे, आणि मग आपण वाजवायचं. श्रुतिपेटी म्हणजे मागं एकच आधाराचा सूर सतत धरून ठेवणारी विजेवरची पेटी. दोघांनी मिळून वाजवणं कधीच नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दोघं बोलायला लागली तर ऐकणार कोण?" आणि कळ का फिरवता? "माझी श्रुती मोठ्यांची. तुमची लहानांची." हे इतक्या गंभीरपणे सांगायचे की पुढं विचारायची छाती व्हायची नाही, दोन इंच फुगत असली तरी.

दुसऱ्या कुणाचं वादन कानावर पडलं की नाक मुरडायचे. रस्त्यावरून वरात गेली, गणपतीच्या मांडवात बँड वाजला, की लगेच, "उतरलंय. सगळं जग उतरलंय." मला ते थोर कलावंताच्या कानाचं लक्षण वाटायचं. मी ऑफिसात कौतुकानं सांगायचे की आमच्या गुरूंना जगातलं कुठलंच वाद्य सुरात वाटत नाही.

सातव्या वर्षी आमच्या इमारतीतल्या पाच जणांनी मिळून एक वाद्यवृंद काढायचं ठरवलं. कीबोर्ड, व्हायोलिन, तबला, गिटार आणि मी. गणपतीत वाजवायचं होतं. इतकी वर्षं मी एकटीनं, बेडरूमचं दार लावून वाजवत आले होते, आणि आता मला कुणीतरी आपल्यात बसवलं होतं. पण माझं वाद्य चिनी, नवशिक्यांसाठी बनवलेलं. खालचे सूर त्यातून घोगरे यायचे आणि वरचे कधी कधी यायचेच नाहीत. तालमीत गिटारवाला दरवेळी माझ्याकडे वळून बघायचा. चांगलं वाद्य घेतल्याशिवाय ह्या चौघांत आपण टिकत नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

के. आर. पुरममध्ये एका निवृत्त रेल्वेवाल्या आजोबांकडे जुना सॅक्सोफोन असल्याचं कळलं. त्यांचे आजोबा कँटोन्मेंटमधल्या पलटणीच्या बँडमध्ये होते, वाद्य त्यांचं. हे आजोबा आता घर आवरून मुलीकडे राहायला निघाले होते. पेटी उघडली. मखमल विरली होती, पण वाद्य देखणं. चांदीचा मुलामा काळवंडलेला, तोंडाभोवती वेलबुट्टी कोरलेली. दोन-तीन झाकणं गळत होती तरी मी एक खालचा सूर लावला आणि तो आजोबांच्या रिकाम्या खोलीत भरून राहिला. माझ्या वाद्यातून असा आवाज सात वर्षांत निघाला नव्हता. फोनवर सूर मोजायची सोय असते, पण बटणांच्या डब्यात वाढलेल्या मला ती आठवलीसुद्धा नाही. शनिवारी येते म्हणून आजोबांना सांगितलं आणि वाद्याचे भरपूर फोटो काढून घेतले.

फोटो मेष्ट्रूंना दाखवायला म्हणून त्या रविवारी मी पहिल्यांदाच फोन डब्याबाहेर ठेवला. त्यांनी चष्मा पुसून फोटो बघितले. वेलबुट्टी बघून मान हलवली. मग म्हणाले, "पाठ दाखव." पाठीवर नंबर होता आणि नंबराखाली एक इंग्रजी अक्षर कोरलेलं होतं. त्या फोटोवर त्यांचं बोट थांबलं.

"घे," ते म्हणाले.

मी उडालेच. शटर नाही, दिवा नाही, बेडा नाही! "तुम्ही बघायला येणार ना? मी गाडी करते," मी म्हटलं.

"कशाला? चांगलं आहे. घे." एवढं बोलून ते पडदा सारून पुढं गेले आणि यंत्रावर बसून शिवायला लागले. रविवारी ते कधी शिवत नसत. मी आनंदात इतकी बुडाले होते की हे मला तेव्हा खटकलंच नाही.

गुरुवारी दुपारी ऑफिसात खालच्या गेटवरून फोन आला. गेटवरचा माणूस उत्तरेकडचा, वैतागलेला. "मॅडम, एक अंकल बैठे हैं. बोलते हैं सांगली को बुलाओ. यहाँ कोई सांगली नहीं है, मैंने बोल दिया. जा ही नहीं रहे." नशीब की मेष्ट्रूंना माझ्या कंपनीचं नाव आणि मजला माहीत होता, म्हणून फोन माझ्यापर्यंत पोचला. मी जिन्यानंच धावत उतरले.

मेष्ट्रु गेटवाल्याच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर सॅक्सोफोनची पेटी, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. टाउन हॉलच्या पलीकडे न जाणारा हा बाहत्तर वर्षांचा माणूस मॅजेस्टिकला मेट्रो बदलून, पुढं चालत, लोकांना विचारत विचारत महादेवपुऱ्यापर्यंत आला होता.

"मेट्रोत दोनदा पेटी उघडायला लावली," ते म्हणाले. "बॉम्ब नव्हे म्हणून सांगितलं. वाजवून दाखवा म्हणाले नाहीत, तेवढं नशीब."

"मेष्ट्रु, काय झालं? काकू बऱ्या आहेत ना?"

"तिला काय धाड भरलीय? फोन काढ."

"फोन?"

"त्यात सूर मोजायचं काय ते असतं म्हणे तुमच्यात. ते काढ."

गेटशेजारी झाडाखाली चहा-कॉफीची टपरी होती. तिथल्या बाकावर बसून त्यांनी वाद्य जोडलं. मी फोन समोर धरला. त्यांनी डोळे मिटून 'सा' लावला. सूर असा स्थिर की टपरीवाल्यानं गाळणी हातात तशीच धरली. पण फोनवरचा काटा दोन सुरांच्या मधल्या जागेत जाऊन उभा राहिला, आणि तिथून हलेना. मी काटा त्यांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला. मला वाटतं, आयुष्यभर कानानं माहीत असलेली गोष्ट ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते.

"आयतु, झालं," ते म्हणाले. "जग उतरलेलं नाही, सांगली. मीच चढलेला आहे."

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी पलटणींच्या बँडची पट्टी चढी असायची. पुढं सगळ्यांनीच ती खाली आणली. त्या जुन्या पट्टीच्या वाद्यांच्या पाठीवर ते 'एच' अक्षर असतं, 'हाय'मधलं. त्यांच्या वाद्यावर आहे, आणि के. आर. पुरमच्या वाद्यावरही आहे. अशी वाद्यं बाकीच्यांपेक्षा चढी बोलतात, दोन सुरांच्या मधोमध.

"मग माउथपीस जरा बाहेर ओढून खाली आणता येत नाही?" मी विचारलं.

"एक सूर खाली येतो, बाकीचे वाकडे होतात. बाही लांब झाली तर कापता येते. खांद्यात चुकलेला कोट कुणाला दुरुस्त करता येत नाही. हा खांद्यात चुकलेला आहे."

पंचविशीत असताना ते बँडवाल्यांचे कोट शिवायचे. तिथल्याच एका म्हाताऱ्या वादकाकडे, त्याच्याच वाद्यावर, संध्याकाळी शिकायचे. स्वतःचं वाद्य हवं म्हणून एक दिवस वडिलांना न विचारता दुकानातलं एक शिवणयंत्र विकलं आणि कँटोन्मेंटमधल्या जुन्या सामानवाल्याकडून हा सॅक्सोफोन उचलला. वडील महिनाभर बोलले नाहीत. मग एका लग्नात जोडीचा वादक आजारी पडला आणि कोट पोचवायला गेलेल्या ह्यांना बँडवाल्यानं विचारलं, वाजवतोस का? घरून वाद्य घेऊन मांडवात पोचेपर्यंत मुहूर्ताची वेळ झालेली. कन्नड मुलखातल्या लग्नात मंगळसूत्र बांधतात त्या क्षणी सगळी वाद्यं एकदम जोरात, जलद लयीत वाजतात. ह्याला गट्टीमेळ म्हणतात. त्या घडीला शिंक, रडणं, वाकडा शब्द, काही काही नवरानवरीच्या कानावर पडू नये म्हणून. भटजींनी हात वर केला, "गट्टीमेळ, गट्टीमेळ" म्हणून ओरडले, आणि दोन सॅक्सोफोन एकमेकांच्या अंगावर धावून गेले.

"कुत्र्यांची भांडणं बरी," मेष्ट्रु म्हणाले. "नवरीची आई रडायला लागली. दुसऱ्यानं वाद्य खाली ठेवलं. मी नाही ठेवलं. गाठ बांधून होईपर्यंत गट्टीमेळ मोडायचं नसतं, मोडलं तर अपशकुन. एकट्यानंच वाजवलं शेवटपर्यंत. हिच्याच अक्काचं लग्न ते, तुझ्या काकूच्या."

"मग?"

"मग काय! घरी येऊन सांगितलं, तोच उतरला होता, मी बरोबर होतो. महिनाभर न बोललेला माझा बाप त्या दिवशी माझ्यासाठी सगळ्या गल्लीशी भांडला. माझा मुलगा खोटं वाजवायचा नाही म्हणाला. आता ह्याच्यापुढं मी काय सांगू? चार दिवसांत मला कळलं होतं कोण चढलंय ते. पण यंत्र विकून चुकीचं आणलं म्हणून त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून एकटाच वाजवायला लागलो. देवळात एकटा, घरात एकटा. श्रुतिपेटी आपलीच, तिला आपल्याला पाहिजे तिथं लावता येते. बाप गेला, पण तोवर सवय झाली. हिलासुद्धा हेच सांगत आलो."

"दुसरं वाद्य का नाही घेतलंत?"

"दुसरं घ्यायचं म्हणजे पहिलं चुकलं म्हणायचं."

मला राहवलं नाही. "रविवारी मला घे म्हणालात ते?"

त्यांनी रीड काढून रुमालानं पुसली. "बेडा म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतंस. चार दिवस हातात सुई टिकली नाही. एका गिऱ्हाइकाचा खिसा उलटा शिवला. हे बघ, एकट्यानं वाजवायला हे फार चांगलं वाद्य आहे. पण तुला चार लोकांत बसायचंय. त्यांच्याबरोबर पहिला सूर लावशील आणि तुझा तो गिटारवाला काय म्हणेल? मला सांगणारा कुणी नव्हता. तुला आहे. घेऊ नकोस. आणि काकूला बोलू नकोस."

सत्तेचाळीस वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट त्यांनी माझ्यासाठी, एका टपरीच्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत उघडी केली होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. वाकून नमस्कार करायला गेले तर पाय मागं घेऊन म्हणाले, "उठ, उठ, तुझे साहेब बघतील. कॉफी सांग. बाय-टू." बाय-टू म्हणजे एक कॉफी दोघांत. आम्ही ती अर्धी अर्धी प्यायलो. मी उरलेल्या दिवसाची सुट्टी टाकली आणि त्यांना बसवनगुडीपर्यंत पोचवून आले.

शनिवारी मी के. आर. पुरमला गेले ते नाही म्हणून सांगायला. फोनवर सांगता आलं असतं, पण म्हाताऱ्या माणसाला तोंडावर सांगावं असं वाटलं. आजोबांनी वाईट वाटून घेतलं नाही. म्हणाले, एका हॉटेलवाल्याचीही चौकशी आली आहे, त्याला भिंतीवर लावायला हवंय, आत रंगीत दिवा बसवणार म्हणतो. मी म्हटलं, एकदा वाजवून बघू? ह्या वेळी फोन समोर ठेवला आणि 'सा' लावला. काटा गुरुवारी टपरीवर जिथं उभा होता, अगदी तिथंच येऊन उभा राहिला.

मी पुन्हा लावला. पुन्हा तिथंच.

त्या चढ्या पट्टीला जगात आता कुणी वाजवत नाही. एक माणूस वाजवतो, आणि त्याच्याबरोबर वाजवायला कुणी नाही. मी आजोबांना म्हटलं, हॉटेलवाल्याला नाही म्हणून सांगा.

आमचे हे म्हणाले, "म्हणजे बरोबर वाटत होतं तेव्हा घेतलं नाहीस, आणि चुकीचं आहे हे कळल्यावर घेतलंस?" मी हो म्हटलं.

मेष्ट्रु तर उखडलेच. "अय्यो, अक्कल आहे का तुला? उन्हातान्हात पेटी उरावर घेऊन मी आलो ते कशाला? कुणाबरोबर वाजवणार हे धूड?"

"तुमच्याबरोबर."

मेष्ट्रूंनी उठून शटर खाली ओढलं आणि वायरचा दिवा शोधायला लागले. दिवा त्यांच्या समोरच खिळ्याला टांगलेला होता, तरी त्यांना बराच वेळ सापडला नाही.

पुढचे तीन रविवार शिकवणी झाली नाही. त्यांनी सगळ्या गाद्या बदलल्या, लाख तापवून बसवल्या, दांड्यांना तेल घातलं. माझा चिनी सॅक्सोफोनही न सांगता ठेवून घेतला आणि तोही उघडून नीट केला. त्याचे खालचे सूर इतके सुधारले की गणपतीत मी तोच वाजवला. गिटारवाला दोनदा वळला, पण ते बहुधा सवयीनं.

चौथ्या रविवारी त्यांनी ते जुनं वाद्य माझ्या हातात दिलं आणि स्वतःचं मांडीवर घेतलं. श्रुतिपेटी लावली नाही. "सरळी घे," म्हणाले. सरळी म्हणजे अगदी पहिला धडा, सा रे ग म वर जायचं आणि परत यायचं. मी 'सा' लावला. त्यांनी थोडं थांबून, कान देऊन, माझ्या सुरात आपला सूर मिसळला. तिथं दोन वाद्यं आहेत हे मला काही क्षण कळेचना, इतका तो एक झाला. मग आम्ही वर चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. बाहत्तर वर्षांचे मेष्ट्रु लहान मुलासारखा पहिला धडा घोटत होते आणि दर वेळी शेवटच्या 'सा'वर जरूरीपेक्षा जास्त रेंगाळत होते. आत्ता कुणी "दुमड आत" म्हणायला नव्हतं.

पडदा हलला. काकू आतून आल्या होत्या, हाताला पीठ. त्या कापड बेतायच्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. आम्ही थांबलो तेव्हा म्हणाल्या, "माझ्या अक्काच्या लग्नात असं लागलं असतं तर!"

मेष्ट्रूंनी माझ्याकडे रागानं बघितलं. मी घाईघाईनं मान हलवली, मी काही बोलले नाही म्हणून.

"तिला कशाला बघता? तिनं काही सांगितलं नाही," काकू म्हणाल्या. "मी तेव्हा बाजाची पेटी शिकत होते. कोण चढलंय ते मला मांडवातच कळलं होतं."

"आणि एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

मेष्ट्रु खाली बघून रीड ओली करत राहिले. मग वर न बघताच त्यांनी विचारलं, "कळलं होतं तर मग मला हो का म्हणालीस?"

काकूंनी हातावरचं पीठ झटकलं. "सगळा मांडव हसत होता. दुसऱ्यानं वाद्य ठेवून दिलं. तुमचे कान लाल झाले होते, पण अक्काची गाठ बांधून होईपर्यंत तुम्ही थांबला नाहीत. घरी जाऊन बाबांना मीच म्हटलं, त्या शिंप्याच्या मुलाचं बघा."

मेष्ट्रूंनी वाद्य तोंडाशी नेलं आणि पुन्हा खाली घेतलं. गळा साफ केला. "सांगली," म्हणाले, "पहिल्यापासून घे. हिला नीट ऐकू दे."